लहान आकडा, मोठा आंबा

आमच्या घरात आंब्याच्या पेटीवर आकडा घालायचं काम फक्त वडिलांचं. आई आंबे पुसायची, गडी पेंढा भरायचे, मी मध्ये मध्ये लुडबुड करायची, पण पेटी खिळून झाली की काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वडील यायचे. वीतभर उंचीचा आकडा काढायचे. चार, पाच, सहा, सात. वर रस्त्याला उभ्या असलेल्या टेम्पोतून ड्रायव्हरला वाचता आला पाहिजे, हा त्यांचा नियम. आकडा म्हणजे पेटीत किती डझन फळ बसलं तो. पेटीचं माप ठरलेलं, त्यामुळे चार डझनांच्या पेटीत दणदणीत आंबे आणि सात डझनांच्या पेटीत बारके. आकडा जितका लहान तितका आंबा मोठा. हे मला कोणी बसवून शिकवल्याचं आठवत नाही. रत्नागिरीच्या आसपास कलमांच्या बागेत वाढलेल्या पोरांना ते आपोआप येतं. शाळेतसुद्धा पहिला नंबर सगळ्यात मोठा, त्यामुळे जग असंच चालतं अशी माझी समजूत होती आणि ती मोडायचं कारण कधी आलं नाही.

या सवयीपायी मी माझ्या आजारी वडिलांना एक आशा लावली. ती खोटी निघाली, आणि खोटी आहे हे त्यांना सांगायचं कामही माझ्यावरच आलं.

आमची बाग गावाबाहेर, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या कातळावर आहे. फार मोठी नाही, पण वडिलांनी ती सुरुंग लावून कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरची माती भरून उभी केली. दरेक कलमाचा स्वभाव त्यांना ठाऊक. हे एक वर्षाआड धरतं, ते वाऱ्याला घाबरतं, त्या कोपऱ्यातल्याला लाड केल्याशिवाय मोहोर येत नाही. आईचं म्हणणं असं की माझा वाढदिवस त्यांना एकदाही आठवला नाही, पण कोणतं कलम कोणत्या वर्षी लावलं ते झोपेत विचारलं तरी सांगतील. ते खरं आहे आणि त्याचा मला लहानपणी रागही यायचा.

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात वडील आढी उघडत होते. आढी म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घातलेली काळोखी खोली. ती उघडली की वास मागच्या दारापर्यंत येतो. वडील आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "यंदा आंब्याला वास नाय. फवारे जास्त झाले."

"घरभर घमघमाट सुटलाय," आई म्हणाली. "नाकच गेलाय तुमचा."

आम्ही तिघंही हसलो. मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि ज्या आजारावर आमचं काम चालायचं त्याची माहिती मला पाठ होती. हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधी माणसाचा वास जातो, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. तरीही मी फवाऱ्यांवर विश्वास ठेवला, वर कोणत्या औषधाने असं होत असेल यावर वडिलांशी वादही घातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

पुढे उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागलं. आई चेष्टेने विचारायची, "बिड्या वळताव काय?" मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, पार्किन्सन आहे, गोळ्या सुरू करा, वेळा चुकवू नका. परतीच्या गाडीत घाट उतरल्यावर वडील मला म्हणाले, "तू ह्याच्यावरच काम करतेस ना गो?"

हो म्हणताना मला लाज वाटली.

घरी आल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं. मेंदूच्या पेशीत एक प्रथिन असतं. ते सुटं असतं तोवर सगळं ठीक. काही कारणाने ते आपसात चिकटायला लागतं, त्याच्या गुठळ्या होतात, गुठळ्या एका पेशीतून दुसरीत पसरतात आणि पेशी मरत जातात. बाहेरून काही दिसत नाही. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे साका."

साका हा हापूसचा रोग. फळ बाहेरून सोन्यासारखं असतं, कापलं की आत पांढरा, फुसका गर. कितीही जाणता माणूस असला तरी वरून ओळखता येत नाही. मी म्हटलं, तसंच काहीसं.

"साका झालेला आंबा बरा होत नाय."

"आंबा नाही होत."

"आणि माणूस?"

"अजून तरी नाही, बाबा. गोळ्यांनी त्रास कमी होतो, गुठळ्या जात नाहीत. त्या कशाने होतात आणि कशाने जातील तेच आम्ही शोधतोय."

"मग लवकर शोध," ते म्हणाले आणि बागेत गेले.

आम्ही शोधायचो ते असं. पेशीतलं हवं ते जनुक नेमकं कापून बंद पाडणारी एक कात्री आता प्रयोगशाळांत सर्रास वापरतात. ताटलीत वाढवलेल्या लाखो पेशींवर ही कात्री सोडायची, पण अशा बेताने की एका पेशीत एकच जनुक बंद पडेल, दुसरीत दुसरं, तिसरीत तिसरं. कोणत्या पेशीत काय बंद पडलं याची खूण त्या पेशीतच राहते. त्या चिकट प्रथिनाला आम्ही आधीच एक चमकणारं शेपूट जोडलेलं असतं. गुठळ्या जास्त झाल्या की पेशी जास्त चमकते. मग सगळ्या पेशी एका मशिनमधून सोडायच्या. मशिन दरेक पेशीची चमक बघून तिला चारपैकी एका नळीत टाकतं. शेवटी नळ्यांतल्या खुणा वाचायच्या. एखादं जनुक बंद पडलेल्या पेशी कमी गुठळ्यांच्या नळीत गर्दी करून बसल्या असतील तर ते जनुक गुठळ्या करायला मदत करतं. जास्त गुठळ्यांच्या नळीत बसल्या असतील तर ते गुठळ्या होऊ देत नाही. हजारो जनुकांचा असा एका फटक्यात निवाडा होतो.

थोडक्यात, वर्गवारी. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आवडलं. "पुण्यात जाऊन आंबेच निवडतेस म्हण की," ते म्हणाले.

पहिल्या फेरीच्या दिवशी मशिनवर मी एकटीच होते. चार नळ्या लावल्या, झाकणांवर मार्करने एक ते चार आकडे घातले, डावीकडून उजवीकडे. नोंदवहीत लिहिलं, 'नळी १ ते ४, गुठळ्यांप्रमाणे'. मला ते पुरेसं वाटलं. नळ्यांचं पुढचं वाचन बाहेरून करून आलं आणि त्याचा हिशेब माझ्या सहकारी मुलीने संगणकावर मांडला. ती सोलापूरकडची, आमच्या भाषेत घाटावरची, आणि कामाला वाघ. आठ दिवसांनी तिने मला बोलावलं आणि पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. एक जनुक सगळ्यांपासून लांब एकटं उभं होतं. ते बंद पडलं की गुठळ्या कमी होत होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे.

एक खटकणारी गोष्ट होती. ज्यांच्याबद्दल आधीपासून माहिती आहे अशी दोन जनुकं आम्ही मुद्दाम त्यात घातली होती, आणि ती दोन्ही उलटी दिसत होती. तिने ते दाखवलं. मी म्हटलं, पहिलीच फेरी आहे, अशा फेरीत थोडी गडबड असतेच, दुसऱ्या फेरीत बघू. आता विचार करते तेव्हा वाटतं, ते दुसऱ्या कोणाचं काम असतं तर मी त्याला तिथेच धरलं असतं. मला तो एकटा ठिपका खरा हवा होता.

रविवारी सकाळी मी घरी फोन केला. थांबायला हवं होतं. दुसरी फेरी व्हायची होती, प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनीही अजून नीट पाहिलं नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, पण माझ्या तोंडात तीळ भिजेना.

"बाबा, एक जनुक सापडलंय. ते बंद केलं की गुठळ्या कमी होतात."

"म्हणजे औषध?"

"लगेच औषध नाही. पण एखादी गोष्ट बंद करणं त्यातल्या त्यात सोपं असतं. पुष्कळशी औषधं हेच करतात."

"किती वर्षां लागतील?"

इथे मी गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हणाले, "बघू. दोन-चार वर्षांत काहीतरी हालेल."

कोणत्याही शहाण्या संशोधकाने असं बोलू नये. आईने नंतर फोनवर सांगितलं ते ऐकून मला आनंदच झाला, हे आणखी वाईट. लांज्याचा एक ओळखीचा बागायतदार आमची बाग पाच वर्षांच्या कराराने मागत होता. माणूस चांगला, कामाला चोख. वडिलांना आता फवारणीला उभं राहता येत नव्हतं, कलमावर चढणं तर कधीच बंद झालं होतं. गडी वेळेवर मिळत नव्हते आणि त्यांच्यामागे आईची फरफट होत होती. वडील जवळजवळ तयार झाले होते. माझा फोन झाला आणि संध्याकाळी त्यांनी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. आई म्हणाली, "बघ, तुज्या एका फोनान माणूस ताठ झाला. आता ऐकत नाय कोणाचा."

एप्रिलमध्ये मी रजा घेऊन घरी गेले. हंगाम भरात होता. बागेतल्या मांगरात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, वडील पाटावर बसून वर्गवारी करत होते. पार्किन्सनचा कंप विचित्र असतो. हात रिकामा असला की कापतो, कामाला लागला की बऱ्याचदा थांबतो. वडिलांचा हात मांडीवर थरथरत असायचा आणि आंबा उचलला की स्थिर व्हायचा. ते आंबा तोलायचे, एकदा फिरवून बघायचे आणि आपल्या ढिगात ठेवायचे. चार ढीग, डावीकडे सगळ्यात मोठे, उजवीकडे सगळ्यात बारके. पूर्वीपेक्षा वेळ लागत होता, चूक होत नव्हती. आता बऱ्याच बागांत वजन करणारं यंत्र असतं. आमच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी ते वापरून झाल्यावर वडिलांनी पेटी पुन्हा उघडून बघितली असती.

पेट्या भरून झाल्या. वडिलांनी ब्रश घेतला आणि पहिल्या पेटीवर आकडा काढला. तो सुपारीएवढा आला. त्यांनी पुन्हा वरून गिरवला. तरी तेवढाच. या आजारात अक्षर बारीक होत जातं, माणूस कितीही मोठं काढायला गेला तरी. मला माहीत होतं, पण पेटीवर ते पहिल्यांदाच बघत होते. वडिलांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "घे गो. तू घाल."

मी बसले. पहिल्या पेटीवर त्यांच्या बारक्या आकड्याशेजारी वीतभर चार काढला. दुसरीवर पाच. चांगले ठसठशीत काढत होते, कारण ते बघत होते. तिसऱ्या पेटीवर सहा काढायला ब्रश टेकवला आणि थांबले. डावीकडे मोठा ढीग, त्याच्यावर लहान आकडा. त्या दिवशी मशिनसमोर मी डाव्या हाताची नळी कोणासाठी लावली होती ते मला डोळ्यांसमोर दिसलं. सगळ्यात जास्त चमकणाऱ्या पेशींसाठी, म्हणजे सगळ्यात जास्त गुठळ्यांसाठी. आणि झाकणावर मी एक लिहिला होता. मोठ्याला लहान आकडा. माझ्या सोलापूरच्या मैत्रिणीने एक म्हणजे कमीत कमी असंच धरलं असणार. जगात कोणीही तेच धरेल.

"काय झाला?" वडिलांनी विचारलं.

"फोन करून येते," म्हटलं.

आमच्या मांगरात फोनला रेंज नाही. त्यासाठी वर सड्यावर जावं लागतं, उघड्या कातळावर. भर उन्हात मी तो चढ चढले आणि तिला फोन लावला.

"त्या चार नळ्यांत तू एक म्हणजे काय धरलंस?"

"सगळ्यात कमी गुठळ्या. का गं?"

"एक म्हणजे सगळ्यात जास्त."

ती म्हणाली, "असं कोण लिहितं?"

"आम्ही लिहितो," मी म्हणाले. तिला आंब्याच्या पेट्यांचं सांगितलं. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. म्हणाली, "मशिनची फाइल असेल. डावीकडच्या नळीत कुठल्या पेशी गेल्या ते त्यात असणार. बघून कळवते."

मी खाली येऊन उरलेल्या पेट्यांवर आकडे घातले. तासाभराने पुन्हा सड्यावर गेले तेव्हा तिचा मेसेज येऊन पडला होता. डावीकडे सगळ्यात जास्त चमक. सगळं उलटं. ती दोन ओळखीची जनुकंही आता सरळ आली होती, म्हणजे बिचारी पहिल्यापासून खरंच सांगत होती. तिने शेवटी लिहिलं होतं, 'दुरुस्त करायला अर्धा तास लागेल. काळजी करू नकोस. जनुक आहे, फक्त ते चांगलं निघालं.'

प्रयोगशाळेचं नुकसान अर्ध्या तासाचं झालं होतं. कुठे काही छापलं नव्हतं. सर नंतर एवढंच म्हणाले की यापुढे नोंदवहीत दिशा लिहीत जा. पण इकडे खाली मांगरात एक माणूस माझ्या शब्दावर बाग धरून बसला होता. कातळावर उभी राहून मला स्वतःचा इतका राग आला की दोन मिनिटं खाली उतरवेना. न सांगता पुण्याला निघून जावं असंही मनात येऊन गेलं. त्यांना कोण सांगणार होतं?

दुपारची जेवणं झाली. त्यांची गोळी लागू पडायला वेळ लागतो आणि मग तासभर ते चांगले असतात. मी ती वेळ धरली. आई भांडी आवरत होती, वडील पडवीत बसले होते.

"बाबा, त्या जनुकाचं मी तुम्हाला सांगितलं ते उलटं निघालं."

"उलटा म्हणजे?"

"ते बंद केलं की गुठळ्या कमी होत नाहीत, वाढतात. ते जनुक गुठळ्या साफ करतं."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे ता चांगला हाय."

"हो."

"माज्यात हाय?"

"सगळ्यांच्यात असतं."

"आणि तू ता बंद करायला निघाल्लीस," ते म्हणाले. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आईचा आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कसा काय झाला पण?"

मी नळ्यांचं सांगितलं. कोणती नळी कुठे लावली, कसे आकडे घातले. त्यांना एका वाक्यात कळलं. पुण्याच्या मैत्रिणीला तेच समजावून सांगायला मला अख्खं पेटीपुराण लागलं होतं. ते म्हणाले, "बरोबरच घातलेस तू आकडे."

"आपल्या हिशेबाने बरोबर. पण मी ते लिहिलं नाही. वाचणाऱ्याला कसं कळणार?"

"मी तरी कुठं कधी लिवला?" ते म्हणाले. मग विचारलं, "आणि ती दोन-चार वर्षां?"

"ते मी बोलायलाच नको होतं, बाबा. बंद करणं सोपं असतं. जे चांगलं आहे ते वाढवणं अवघड. आणि हे ताटलीतल्या पेशींत दिसलंय, माणसात नाही. कितीही घाई केली तरी…" माझं वाक्य पुरं होईना.

"माज्यापर्यंत पोचायचा नाय."

"बहुतेक नाही."

ते घरापुढच्या खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे, बघत राहिले. मग म्हणाले, "मी त्या लांजेकराला नाय म्हटला ता त्यासाठीच. मला वाटला, पाच वर्षां बाग देऊन टाकायची आणि दोन वर्षांत मी बरा व्हायचा. मग काय करू? दुसऱ्याची बाग बघत बसू?"

मी म्हटलं, "मला माफ करा." आमच्या घरात हे शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे ते ऐकून दोघंही अवघडलो. वडील उठून मांगरात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. आई मला ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सांगितलंस ता बरा केलंस. पण पुढच्या टायमाला पिकल्यावर सांग गो. कैरी दाखवून जीव टांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतल्यावर वडिलांनी मला सड्यावर नेलं. चढाला त्यांना वेळ लागला, मध्ये दोनदा थांबावं लागलं. वर पोचल्यावर म्हणाले, "लाव फोन त्याला." मी लांज्याचा नंबर लावून स्पीकर चालू केला. वडील म्हणाले की हंगाम संपला की बाग पाच वर्षं तुझी, पण एक अट हाय. माल माज्या मांगरात यायचा आणि वर्गवारी मी करायची. हात चालतो तोवर. पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, त्यासाठीच तर तुमची बाग मागत होतो." ते खरं होतं की मन राखायला बोलला, मला माहीत नाही. वडिलांनी खरं मानलं. उतरताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले, आणि तो हात पूर्ण उतारभर कापत होता.

मी निघाले तेव्हा गाडीत एक पेटी ठेवलेली होती. वडील म्हणाले, "ही त्या घाटावरच्या पोरीला दे. तिला फुकटचा ताप झाला." मी घाईत होते, पेटीकडे नीट पाहिलं नाही. पुण्यात ती तशीच तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दुपारी तिने मला हाक मारली. "हे काय लिहिलंय बघ गं. मला शेवटचं वाचता येत नाहीये."

पेटीच्या फळीवर काळ्या रंगात पाच होता, सुपारीएवढा. त्याच्या खाली पेनाने एक ओळ होती. पहिलं अक्षर बोटाच्या पेराएवढं, मग दरेक अक्षर मागच्यापेक्षा बारीक, आणि ओळ वर चढत गेलेली. शेवटचे दोन शब्द मुंगीच्या पायांसारखे होते. मी पेटी खिडकीपाशी नेऊन ती ओळ वाचली. 'आकडा लहान असेल तर आंबा मोठा समजावा.'

मी आईला फोन केला आणि विचारलं, हे कधी लिहिलं त्यांनी?

"तू निघालीस त्या दिवशी सकाळी," आई म्हणाली. "दोन तास बसलेले. मी म्हटला, द्या, मी लिवते. तर नाय म्हणाले. म्हणाले, चूक आपल्या घरातली हाय, आकड्याचा अर्थ आपणच लिवायला हवा होता."